आग्नेस, तू निवडलेलं मशीन

आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर ओट्यावर चार गोणपाटं पसरली आणि लपाछपी खेळलो. तू बोटातली अंगठी एका गोणपाटाखाली सरकवायचीस, मी पाठ करून उभा राहायचो, आणि मग जमिनीतला धातू ऐकणाऱ्या त्या मशीनचं ताटलीएवढं चाक फिरवत शोधायचो. तीन वेळा सापडली. चौथ्या वेळी मशीन चारही गोणपाटांवर गप्प. मी बटणं पिळली, सेल काढून पुन्हा घातले, दुकानदाराला शिवी दिली, आणि तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस. अंगठी तुझ्या बोटातच होती. "बघा, मशीन खोटं नाय बोलत," म्हणालीस, "नाय तिथं नाय." मग मेथी निवडायची राहिली म्हणून आत गेलीस.

दोन दिवसांनी तू गेलीस. ते कसं झालं ते मी लिहिणार नाही. ज्याला पाहिजे त्यानं डॉक्टरला विचारावं.

मला लिहायचंय ते वेगळं. तुझी शवपेटी देवळात आणली तेव्हा पहिल्या बाकावर बसून माझ्या भावाची बायको फिलोमिना सगळ्यांत मोठ्यानं रडली. लोक तिला पाणी देत होते. मी तुझ्या पायाशी उभा होतो, हातात मेणबत्ती होती, आणि प्रार्थनेचा एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मनात एकच चाललं होतं. रड. पोटभर रडून घे. घरी मशीन आलंय.

तुला सगळं माहीत आहे. तरी मी पहिल्यापासून लिहितो, कारण हे दुसऱ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. जे त्या दिवशी क्रुसाजवळ हसले त्यांनी तर वाचावंच. चौथीपर्यंतची शाळा माझी. चुकलं तर चुकलं.

दुमिंग माझा धाकटा भाऊ. त्याला आखातात नोकरी लागली आणि पुढं त्यानं बायकोलाही तिकडं नेलं. जाताना फिलोमिनानं सोनं तुझ्या हातात दिलं. एक गोप, चार पाटल्या, दोन अंगठ्या. "वहिनी, तुमच्याकडं असलं की मला तिकडं झोप लागेल," हे तिचे शब्द. मी तिथंच बसून चहा पीत होतो, मी ऐकलेत.

त्याच वर्षी आपल्या गिरीज गावात बोलवा उठली की अंगाला तेल चोपडून चोर येतात, धरायला जावं तर हातातून निसटतात. खरा चोर कोणी बघितला नाही, पण आम्ही पुरुष काठ्या घेऊन गस्त घालू लागलो. तू घरात एकटी. तू पितळेच्या डब्यात सोनं घातलंस, वर मेणकापड गुंडाळलंस आणि वाडीत पुरून आलीस. मी विचारलं कुठं, तर म्हणालीस, "तुमाला नाय सांगनार. तुमच्या पोटात काय राहत नाय. बिडीच्या एका झुरक्याला सांगून मोकळे व्हाल."

खरं होतं. म्हणून मी रागावलो नाही. रागावलो असतो तर बरं झालं असतं.

सहा वर्षांनी ती दोघं कायमची परत आली. तू कुदळ घेऊन वाडीत गेलीस आणि तासाभरानं मला हाक मारलीस. तुझा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. विहिरीकडून तिसऱ्या केळीच्या बुडाशी तू गुडघाभर खड्डा केला होतास आणि त्यात काही नव्हतं.

"कुठं पुरलं होतंस?"

"इथंच. ह्या तिसऱ्या केळीच्या मुळात. माती मऊ असते म्हनून."

"अगं, पण ही ती जागा नाही. केळ चालते."

"झाड चालतंय? सकाळीच घेतली काय तुमी?"

मग मी तुला सांगितलं. घड उतरवला की आई-केळ तोडायची. तिच्या अंगाशी चार-पाच पिल्लं असतात, त्यातलं एक ठेवायचं, बाकीची काढायची. ते ठेवलेलं पिल्लू थोडं बाजूला असतं. पुढं त्याचं पिल्लू आणखी बाजूला. कुठल्या अंगाचं ठेवायचं ते कोयता धरणाऱ्याच्या मर्जीवर. सहा वर्षं माझा कोयता तुझी खूण उचलून पुढं पुढं ठेवत होता. वर दर उन्हाळ्याला बावखल, आपलं वाडीतलं तळं, उपसून त्यातला गाळ मी त्याच जागेवर पसरत होतो, म्हणजे डबा खाली खाली. वाडी माझी आणि बाजार तुझा, असा आपला संसार. केळी तुला टोपलीत माहीत होत्या, मुळात नाही.

तू तिथंच मातीत बसलीस. "आमच्या पाचूबंदरला माड जिथं लावला तिथंच मरतो," एवढंच म्हणालीस.

आठ दिवस आपण खणलं. पहिले दोन दिवस फिलोमिनाही आली, पदर खोचून माती ओढू लागली, हे मी लपवणार नाही. तिसऱ्या दिवशी ती कुंपणापलीकडं उभी राहिली. पाचव्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी उभ्या होत्या. आपण खणतोय आणि त्या बघतायत, जसं काही खणणं हे आपलं नाटक आहे.

मग मे महिना आला. संध्याकाळी क्रुसाजवळ प्रार्थना असते, झाली की उकडलेले चणे वाटतात. त्या दिवशी टोपलं तुझ्या हातात होतं. तू एकेकाच्या ओंजळीत चणे घालत फिलोमिनापर्यंत आलीस. तिनं ओंजळ पुढं केली नाही. ती मागं वळून बायकांना म्हणाली, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या मुठीवर लक्ष ठेवा गं. कोळणीच्या हाताला सगळं चिकटतं."

सात जणं हसली. नावं मला पाठ आहेत. फादरांनी देवळाच्या मासिकात छापू दिली तर छापीन.

तू टोपलं क्रुसाच्या पायरीवर ठेवलंस आणि सरळ घरी आलीस. त्या दिवसापासून तू क्रुसाजवळ गेली नाहीस. दर मे महिन्यात प्रार्थनेच्या वेळी तू आपल्या कुंपणाशी उभी राहायचीस आणि तिथून ओठ हलवायचीस. मी दुमिंगच्या घरी कोयता घेऊन निघालो होतो, तर तू दारात आडवी पडलीस. अक्षरशः आडवी. "माज्यावरून जावा," म्हणालीस. मी तुझ्यावरून गेलो नाही. पण त्या घराचं पाणी मी आठ वर्षं प्यायलो नाही, आणि भाऊ समोर आला तर वाट बदलली. तुला ते आवडत नव्हतं. मला आवडत होतं. राग हाच माझा चहा होता.

मशीनची गोष्ट तूच काढलीस. आपण कळंबच्या किनाऱ्यावर होतो, तुझ्या मावसभावाच्या होडीची पूजा होती. रविवारची माणसं निघून गेली होती, आणि एक जाडा गृहस्थ अर्ध्या चड्डीत, कानाला हेडफोन लावून, दांडीला बांधलेलं चाक वाळूवर झुलवत चालला होता. तू ओरडलीस, "ओ भाव, मासं पान्यात असतात!" तो थांबला. हेडफोन काढला. लोकांच्या पडलेल्या अंगठ्या-नाणी शोधतो म्हणाला. झालं. तू त्याला तासभर सोडला नाहीस. किती खोल ऐकतं, सोनं आणि पितळ वेगळं ऐकतं का, चाक भिजलं तर मरतं का, सेल किती दिवस जातात. तो घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "मावशी, सगळ्यासाठी एकच पाहिजे असेल तर मधलं घ्या. पहारेकऱ्याच्या हातातली दांडी नको, ती खिशातलं शोधते, जमिनीतलं नाही. खजिनेवाल्यांचं मोठं खोकंही नको, ते हंडा सांगेल, अंगठी सांगणार नाही. मधलं घ्या. त्याला फिरवायचे दोन गुंडे असतात, एक लोखंड गाळायला, एक माती जुळवायला. दोन्ही गुंडे असतील तरच."

घरी येऊन मी म्हटलं, दांडी घेऊ, स्वस्त आहे, उद्याच्या उद्या आणू. मला घाई झाली होती. डबा मिळाल्याशिवाय मला तिच्या तोंडावर फेकायला काही नव्हतं. तू बिस्किटाचा डबा काढलास, चाफ्याची फुलं विकून साठवलेले पैसे होते त्यात, आणि तो माझ्यासमोर उपडा केलास. "हे एवढं हाय. दोनदा घ्यायला आपल्याकडं नाय. एकच घ्यायचं, आनि ते चालनारं घ्यायचं." यावरून आपण दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू दोन पिशव्या भरल्यास. एकीत आपल्या वाडीची माती, वर विहिरीचं पाणी शिंपडून ओली केलेली. दुसरीत मूठभर जुने खिळे.

"हे कशाला?"

"सुरमई घेताना आपुन गिल्लं उघडून बघतो ना? मशीन बघायला आपली माती नको?"

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात तू माती टेबलावर ठेवलीस तेव्हा दुकानदाराचं तोंड मला अजून दिसतं. "मावशी, ये क्या है?" तू त्याला वर्तमानपत्र पसरायला लावलंस, माती ओतलीस, आणि म्हणालीस, "ह्याच्यावर चालवून दाखव." पहिलं मशीन मातीवर नेताच बोंबलायला लागलं, काही नसताना. त्यानं सांगितलं, जमीन खारट आहे, म्हणून. आपल्याला माहीत होतं. टँकरवाल्यांनी उपसा केल्यापासून आपल्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय, केळीची पानंही कडेनं करपतात. दुसरं मशीन नवं कोरं, चकचकीत, पडद्यावर आकडे येणारं. ते मातीवर गप्प राहिलं, पण खिळे टाकले की खिळ्यालाही तेच गाणं आणि तुझ्या अंगठीलाही तेच. "आमच्या वाडीत खिळे किती हायत तुला ठाऊक हाय काय?" तू म्हणालीस. "मी मरेपर्यंत खनीन."

तिसरं कोणीतरी वापरून परत दिलेलं होतं. दांडीला चिकटपट्टी. चाकावर ओरखडे. दुकानदार ते दाखवायलाच तयार नव्हता. तू त्याच्याकडून मातीचा गुंडा जुळवून घेतलास, मग माती गप्प. खिळे टाकले, गप्प. अंगठी मातीत दाबली, वर खिळे पसरले, आणि त्यानं बारीक आवाज दिला, मांजराच्या पिल्लासारखा. तू माझ्याकडं बघितलंस. आठ वर्षांत तुझा तसा चेहरा मी बघितला नव्हता.

मग तू भाव करायला बसलीस. त्या बिचाऱ्यानं आजवर इंजिनीअर गिऱ्हाईक बघितलं होतं, पाचूबंदरची बाई नाही. "घासाघीस मत करो, मावशी." "मी कुठं घासते? ओरखडे आधीच हायत." हेडफोन त्यानं फुकट दिला. निघताना म्हणाला, "काका, लोखंडाचा गुंडा जास्त फिरवू नका. फार गाळलंत तर सोनंपण गळून जाईल."

घरी येताना स्टँडपासून चालत होतो, मशीन माझ्या खांद्यावर. तू विचारलंस, "सापडलं की काय करनार?"

"क्रुसाजवळ नेणार. सगळ्यांसमोर. तिच्या तोंडावर."

"नाय."

"नाही म्हणजे?"

"तिच्या दारात ठेवायचं आनि घरी यायचं."

"आणि बोलायचं काय?"

"काय नाय. सोनं बघून कळंल तिला."

"तिला कळून काय उपयोग? गावाला कळलं पाहिजे. चोर तुला गावात म्हटलंय, कानात नाही."

"माजं नाव हाय. मी ठरवीन."

"माझी बायको आहे," मी म्हटलं.

फाटकाशी पोचल्यावर म्हणालीस, "आधी सापडू दे." भांडण तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तू गोणपाटं पसरलीस.

तुझ्या सातव्या दिवसाची देवळातली मिस्सा झाली, लेक नंदाखालला सासरी परत गेली, आणि मी मशीन काढलं. खुंट्या ठोकल्या, काथ्याची दोरी ताणली, पट्टा पट्टा करून वाडी झाडली. दुखवट्याला येणारी माणसं फाटकातून बघायची आणि परत जायची. म्हातारा बिथरला, असं बोलले असतील. बोलू देत. पहिले चार दिवस खिळ्यांचा इतका वैताग आला की मी रागात लोखंडाचा गुंडा पुरता फिरवून टाकला. मग दुकानदाराचं आठवलं आणि सगळे पट्टे पुन्हा पहिल्यापासून केले. चमचा मिळाला, बाटल्यांची बुचं मिळाली, बाबांच्या वेळचा विळा मिळाला. डबा नाही. रोज संध्याकाळी मी तुझ्या फोटोला सांगायचो, आज नाही. आणि रोज सकाळी फिलोमिनाचं रडणं आठवून उठायचो. त्याच्याशिवाय माझं अंग उठलं नसतं, हे खरं सांगतो.

अकराव्या दिवशी तहान लागली. मशीन बंद न करताच खांद्यावरून खाली धरून मी घराकडं निघालो. विहिरीकडून घराकडं येणाऱ्या वाटेवर ते ओरडलं. बारीक नाही, मोठ्यानं.

वाट. आपण वाफे खणले, कडा खणल्या, वाट कोणी खणली नाही. तिच्यावरून रोज चालायचं होतं ना. मी उभ्या उभ्या समजलो. वाट मोकळी राहावी म्हणून मी दर वेळी पलीकडच्या अंगाचं पिल्लू ठेवत होतो. केळी वाटेपासून लांब लांब जात राहिल्या आणि जागा मोकळी झाली तशी आपण वाट रुंद केली. माझ्या हाताला हे माहीत होतं, डोक्याला कधी आठवलं नाही. आठ वर्षं तू कळशी घेऊन त्याच डब्यावरून ये-जा केलीस.

हातभर खाली होता. मेणकापड कुजलं होतं, पितळ हिरवं पडलं होतं. झाकण पहारीनं उचकटलं. गोप, चार पाटल्या, दोन अंगठ्या. आणि चिंधीत गाठ मारलेलं आणखी काहीतरी.

तुझ्या कानातल्या होत्या. मासळीच्या घाटाच्या, तुझ्या आईनं लग्नात तुला घातलेल्या.

मला तू सांगितलं होतंस की विकल्या. भावाला जाळ्यासाठी पैसे दिले म्हणून. त्यावरून मी तुला किती बोललो होतो. "माहेरच भर तुझं," असं म्हणालो होतो, जेवताना, आणि तू ताटातून नजर वर केली नव्हतीस. तुझंही सोनं तिच्या सोन्याबरोबरच हरवलं होतं. आणि तू ते कोणाला सांगितलं नाहीस, मलाही नाही. का, ते मी आता वाटेवर बसून कितीही विचार केला तरी तू सांगणार नाहीस. सांगितलं असतंस तर लोक म्हणाले असते, बघा, चोर स्वतःचंही गेलं म्हणून रडतो. हे असेल. किंवा मी आणखी पेटेन म्हणून. हेही असेल. आग्नेस, मी तुला ते जेवताना बोललो त्याची माफी कुठं मागायची ते सांगून जायचं होतंस.

तुझं ऐकून डबा तिच्या दारात ठेवायला मी तयार होईन, असं मला खणताना दोन-तीनदा वाटलं होतं. कानातल्या बघितल्यावर ते वाटणं संपलं. उलट माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. मी कानातल्या चिंधीतून काढल्या आणि पाटल्यांच्या खाली डब्यात परत ठेवल्या.

मे महिना सुरू होता. संध्याकाळी मी डबा घेऊन क्रुसाजवळ गेलो. प्रार्थना होऊ दिली. मग पुढं गेलो.

"फिलोमिना. हे तुझं. सापडलं. सगळ्यांसमोर मोजून घे."

ती पांढरी पडली. "दादा, कुठं..."

"वाटेखाली. मोज."

दुमिंग आला, माझा दंड धरला. "दादा, घरी बोलू ना आपण."

"ती घरी बोलली नव्हती. इथं बोलली होती. सोड."

तिनं डबा घेतला. गोप काढून हातावर घेतला, पाटल्यांवरून बोटं फिरवली, अंगठ्या चाचपल्या. मग झाकण लावलं आणि छातीशी धरलं. "आहे, दादा. सगळं आहे."

"नीट बघितलंस?"

"हो."

"सगळं तुझंच ना?"

"हो दादा, सगळं माझंच."

"मग ओत. पायरीवर ओत, गावाला बघू दे."

ती हलली नाही, म्हणून मी डबा ओढून घेतला आणि ओतला. सोन्याच्या दोन मासळ्या पायरीवरून खाली घरंगळल्या. म्हातारी रेमेद सगळ्यांत पुढं होती, ती वाकून म्हणाली, "अगो, ह्या आग्नेसच्या! वाडीतली बाई ह्या कोळणीच्या मासळ्या कधी घालते?"

मी म्हटलं, "बघा. मुठीवर लक्ष ठेवा गं. कोणाच्या हाताला काय चिकटतं ते बघा."

कोणी हसलं नाही. फिलोमिना खाली बसली. काहीतरी बोलत होती, मला ऐकायचं नव्हतं. मी कानातल्या उचलल्या, शर्टाच्या खिशात घातल्या आणि घरी आलो. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? आठ वर्षांनी मी पोटभर जेवलो आणि सुखानं झोपलो.

आता पुढचं लिहितो. हे लिहायचं नव्हतं, पण तू डोक्यावर बसली आहेस.

तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. प्रार्थना पाठ असते, चष्मा कशाला लागतो, म्हणून ती घरी ठेवून येते. मला ते माहीत होतं. ती गोप चाचपत होती, बघत नव्हती, तेही मला समोर दिसत होतं. अंधारून आलं होतं. आणि इतक्या वर्षांनी आपल्या डब्यात दुसऱ्याचं काही असेल असं तिच्या मनात कशाला येईल? तिनं मागितलं नव्हतं, मी ठेवलं होतं. मी सापळा लावला होता, आग्नेस, आणि ती त्यात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाच्या मिस्सेला गेलो. फिलोमिनाची जागा रिकामी होती. ताप असला तरी मिस्सा न चुकवणारी बाई. मिस्सा चालू असतानाच माझ्या मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, मला आधीपासून संशय होता तिचा. दुसरी म्हणाली, आखातातूनही काय काय आणलं असेल. या दोघीच तुझ्या वेळीही हसल्या होत्या. मी वळून बघितलं तर त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, आपल्या बाजूचा आहे अशी.

त्यांच्या बाजूचा.

मी मिस्सा संपायच्या आधी उठलो आणि बाहेर फाटकात जाऊन उभा राहिलो. जो बाहेर येईल त्याला थांबवायचं ठरवलं. एकेकाला थांबवलं. सगळ्यांना एकच सांगितलं. "फिलोमिना चोर नाही. कानातल्या मी मुद्दाम ठेवल्या होत्या. तिची जीभ घाण आहे, तेवढीच. मी तिला माफ केलेलं नाही. पण चोर नाही. आणि माझी आग्नेसही नव्हती."

काहींनी ऐकून घेतलं, काहींनी हात सोडवून घेतला. रेमेदनं दोनदा सांगायला लावलं, तिला कमी ऐकू येतं. मागच्या बाकावरच्या दोघी बाजूच्या दारानं निघाल्या होत्या, त्यांना मी रस्त्यावर धावत जाऊन गाठलं. या वयात धावलो. दुमिंग शेवटी आला. त्यानंही ऐकलं, माझ्याकडं बघितलं नाही, आणि गेला. मी हाक मारली नाही.

देऊळ रिकामं झालं. फाटकाबाहेर पाववाला राहिला होता, सायकलवर पोतं, पूर्वेकडून तुळिंजहून येणारा. मी त्यालाही थांबवलं आणि सगळं सांगितलं. आपल्यातलं कोणी त्याला माहीत नव्हतं, तरी त्यानं सायकल स्टँडला लावली आणि पुरतं ऐकून घेतलं.